दुसऱ्या डिस्कवरची माणसं

जॉन कार्पेंटरच्या 'द थिंग' या परग्रहवासी राक्षसाच्या भयपटात एक डॉक्टर बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याच्या छातीवर विजेचे झटके द्यायला दोन्ही हात टेकवतो आणि ती छाती जबड्यासारखी उघडते. आत दात आहेत. हात आत जातात, जबडा मिटतो. डॉक्टर किंचाळत मागे सरकतो तेव्हा त्याचे हात कोपराखाली उरलेले नसतात. चित्रपट १९८२चा. या दृश्यात संगणकाने काढलेलं काहीही नाही. कॅमेऱ्यासमोर जे झालं, तेच आपण बघतो.

ते झालं असं. इफेक्ट्सची जबाबदारी रॉब बॉटिन या तरुणावर होती. काम हाती घेतलं तेव्हा तो जेमतेम २१-२२ वर्षांचा होता. टेबलावर निजलेल्या नटाचं शरीर त्याने टेबलाखाली दडवलं, डोकं तेवढं वर ठेवलं आणि मधोमध खोटी छाती बसवली. ती हायड्रॉलिक यंत्राने उघडायची आणि मिटायची. मग दोन्ही हात नसलेला एक माणूस शोधून आणला. त्याला खोटे हात जोडले : मेणाची हाडं, रबराच्या शिरा, मांसाच्या जागी जेली. डॉक्टरची भूमिका करणाऱ्या रिचर्ड डायसार्ट यांच्या चेहऱ्याचा साचा घेऊन मुखवटा केला होता, तो या माणसाच्या तोंडावर चढवला. हात जबड्यात गेले, जबडा मिटला, हात तुटले. मुखवटा त्या शॉटमध्ये चांगला समोर आहे. पुन्हा थांबवून बघितलं की स्पष्ट कळतं, हा डायसार्ट नव्हे. पण त्या क्षणी चेहऱ्याकडे बघायची शुद्ध कुणाला असते? प्रेक्षकाची नजर कुठे असेल याचा हा अंदाज मला त्या जबड्याच्या यंत्राइतकाच थोर वाटतो.

हे सगळं मला समजलं ते त्या चित्रपटाच्या डीव्हीडीवरच्या 'टेरर टेक्स शेप' या माहितीपटातून. १९९८मध्ये निघालेल्या खास आवृत्तीत तो आहे. चित्रपटापेक्षा तो मी जास्त वेळा पाहिला आहे, आणि दर वेळी त्यातल्या माणसांसाठी पाहिला आहे. चित्रपटात ज्यांचा चेहरा कधीच येत नाही, नाव शेवटी झरझर वर सरकून जातं, ती माणसं इथे खुर्चीत बसून, हातवारे करत, अजूनही अंगात असलेल्या उत्साहाने सांगतात : हे आम्ही असं केलं.

आमच्याकडे डिस्क मिळायच्या त्यांत चित्रपट कसा केला हे सांगणारा हा 'बोनस' भाग सहसा नसे. २००७च्या सुमाराला तीसेक रुपयांना चित्रपट मिळू लागले, घरोघरी प्लेअर आले, ते चांगलंच झालं. पण त्या स्वस्त डिस्कवर चित्रपट आणि फार तर गाण्यांची यादी. कधी एकाच डिस्कवर तीन चित्रपट कोंबलेले. बोनस बघायचा तर परदेशातून आणलेली डिस्क हवी, आणि ती आपल्या प्लेअरवर चालायची नाही, कारण जगाचे तुकडे पाडलेले होते : अमेरिकेला विभाग १, युरोप आणि जपानला २, आपल्याला ५. संगणकाच्या ड्राइव्हला विभाग बदलायची मुभा असे, पण फक्त ५ वेळा. पाचव्यांदा जो निवडला तो कायमचा. मी त्या बदलांचा हिशेब ठेवायचो. न्यू जर्सीत राहणारा आतेभाऊ सुट्टीत यायचा तेव्हा त्याच्या बॅगेत आमच्यासाठी बदाम-चॉकलेट असत आणि माझ्यासाठी एखादी डिस्क. प्लास्टिकचं वेष्टन मी ब्लेडने कडेकडेने कापायचो, म्हणजे आतली पुस्तिका दुमडायला नको.

चित्रपट चालू असताना मागे कुणीतरी बोलत राहतं ती कॉमेंटरी कुठून आली, याची गोष्ट मला फार आवडते. १९८४मध्ये अमेरिकेत क्रायटेरियन या कंपनीने लेझरडिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या तबकड्या, काढायला सुरुवात केली. पहिल्या दोन चित्रपटांतला एक होता १९३३चा 'किंग काँग'. त्याची प्रिंट डिस्कवर उतरवण्याचं काम चालू असताना लॉस अँजेलिसच्या कला संग्रहालयातले चित्रपटतज्ज्ञ रोनाल्ड हेव्हर शेजारी बसून एकेका दृश्याच्या गोष्टी सांगत होते. लेझरडिस्कवर आवाजाचे दोन मार्ग असत. दुसरा मोकळा होता. मग या गोष्टी त्या मोकळ्या मार्गावरच का टाकू नयेत? तशा त्या टाकल्या. पहिली कॉमेंटरी अशी जन्माला आली : एका माणसाला माहीत होतं, त्याला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं आणि शेजारी जागा रिकामी होती.

आणि ती 'किंग काँग'ची असावी हे मला फार योग्य वाटतं. न्यूयॉर्कच्या इमारतीवर चढणारा तो अजस्र वानर म्हणजे मुळात दीड-दोन फुटांची बाहुली. आत सांधे असलेला धातूचा सांगाडा, त्यावर कापूस आणि रबर, वरून सशाची कातडी. सांगाड्यावर हे शरीर चढवण्याचं काम मार्सेल डेलगाडो यांचं, आणि तिला हलवणारे विलिस ओब्रायन. एक फ्रेम घ्यायची, बाहुलीचा हात किंचित सरकवायचा, पुढची फ्रेम घ्यायची. प्रत्येक वेळी बोटं त्या केसांना लागायची, त्यामुळे पडद्यावर काँगच्या अंगावरचे केस सतत थरथरताना दिसतात. चूक म्हणावी तर चूक आहे. पण मला ते केस थरथरताना दिसले की ओब्रायनची बोटं दिसतात. नव्वद वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा स्पर्श अजून पडद्यावर हलतो आहे.

त्या बाहुल्यांपैकी एकीचा सांगाडा २००९मध्ये लंडनच्या क्रिस्टीजमध्ये लिलावाला आला आणि सुमारे १ लाख २१ हजार पौंडांना गेला. आला तो फक्त सांगाडा. रबर, कापूस, सशाचे केस केव्हाच विरून गेले होते. या कामाचं हेच आहे. नैसर्गिक रबराला हवा लागत राहते, ते आधी कडक होतं, मग चिरतं, मग हात लावला की भुगा पडतो. त्याच्यापासून केलेला फोम लॅटेक्स तर त्याहून नाजूक. मेणाची हाडं त्याच दिवशी तुटतात, जेली रात्रीपर्यंत टिकत नाही. पेणच्या कारखान्यात मातीची मूळ मूर्ती, तिच्यावरून घेतलेला साचा आणि साच्यातून निघालेली मूर्ती हा क्रम ज्याने पाहिला असेल त्याला या कार्यशाळांचं अर्धं काम आपोआप कळेल : तिथेही आधी मातीत राक्षस घडतो, मग प्लास्टरचा साचा होतो, मग साच्यात रबराचा फेस ओतून भट्टीत भाजतात. फरक इतकाच, की त्या राक्षसाच्या पोटात तारा, पट्ट्या आणि नळ्या भरलेल्या असतात आणि त्याचं आयुष्य फिल्मच्या काही फुटांपुरतं असतं. वस्तू राहत नाही. कशी केली हे सांगणारं कुणीतरी राहिलं तरच ती विद्या राहते. म्हणून मला या बोनस भागांची इतकी काळजी वाटते.

'थिंग'च्या त्याच दृश्यात पुढे त्या छाती उघडलेल्या माणसाचं डोकं मानेपासून लांबत लांबत टेबलावरून खाली घसरतं. ताणल्यावर मान खरी वाटावी म्हणून आत वितळवलेलं प्लास्टिक आणि रसायनं वापरली होती, त्यांची ज्वलनशील वाफ खोलीत साठत गेली. दृश्यात ज्वाळा दिसायला हव्या होत्या, म्हणून कॅमेऱ्यासमोर आग पेटवली, आणि सगळी हवाच भपकन पेटली. कुणाला इजा झाली नाही. पण तयार केलेलं यंत्र खलास. पुन्हा सगळं पहिल्यापासून. माहितीपटात ही हकीकत सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनीही 'वाचलो बुवा' असा भाव येतो.

बॉटिन वर्षभराहून अधिक काळ आठवड्याचे सातही दिवस काम करत होता, कार्यशाळेतच झोपत होता. शेवटी थकून त्याला रुग्णालयात भरती व्हावं लागलं. कुत्र्यांच्या पिंजऱ्यातलं दृश्य तेव्हा स्टॅन विन्स्टन यांच्याकडे दिलं. विन्स्टन तेव्हाच नावाजलेले होते. त्यांनी तो प्राणी हातात घालून चालवायच्या बाहुलीसारखा केला, चालवणारा माणूस सेटच्या जमिनीखाली. आणि श्रेयनामावलीत आपलं नाव बॉटिनच्या बरोबरीने घ्यायला नकार दिला. हे काम त्या पोराचं आहे, असं त्यांचं म्हणणं. चित्रपटात फक्त त्यांचे आभार आहेत. ही गोष्ट बोनसमध्ये सांगितली नसती तर ते आभार कशाचे, हे कुणाला कळलं असतं?

चित्रपट २५ जून १९८२ला लागला. त्याच्या दोन आठवडे आधी 'ई.टी.' आला होता आणि लोकांना परग्रहवासी गोड हवा होता. 'थिंग'वर समीक्षकांनी झोड उठवली, धंदाही बेताचा झाला. त्याला आज जी प्रतिष्ठा आहे ती कॅसेटवर, मग डिस्कवर, घरी बसून पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या लोकांनी दिलेली आहे. त्याच डिस्कवर कार्पेंटर आणि नायक कर्ट रसेल यांची कॉमेंटरी आहे. दोन जुने मित्र गच्चीत बसून बोलतात तसे बोलतात, एकमेकांच्या आधी हसतात. भीतीने घाम फुटलेल्या प्रसंगावर रसेलचं मोकळं गडगडाटी हसू ऐकू येतं आणि तरीही भीती कमी होत नाही.

इथे एक शंका मला नेहमी विचारली जाते. युक्ती कळल्यावर मजा जात नाही का? माझ्या बाबतीत उलटं घडतं. 'टर्मिनेटर २'च्या खास आवृत्तीत चित्रपटगृहातल्या आवृत्तीतून कापलेलं एक दृश्य आहे. यंत्रमानव आरशासमोर बसला आहे, सारा कॉनर त्याच्या डोक्यातून चिप काढते आहे, आणि कॅमेरा तिच्या मागून पुढे सरकत आरशाकडे जातो. आरशात कॅमेरा दिसत नाही. दिसणार कसा, तिथे आरसाच नाही. भिंतीला खिडकीसारखी चौकट आहे. चौकटीच्या पलीकडे, 'आरशात', यंत्रमानव झालेला खरा श्वार्झनेगर आणि सारा झालेली खरी लिंडा हॅमिल्टन. अलीकडे श्वार्झनेगरची बाहुली, आणि तिच्या डोक्यात हत्यार खुपसणारी लिंडाची जुळी बहीण लेस्ली. दोघी बहिणी एकाच वेळी, एकाच गतीने, उलटसुलट हात हलवताहेत. हे कळल्यापासून मी ते दृश्य बघतो तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र बघतो : सारा कॉनरची अस्वस्थता, आणि दोन बहिणींचा श्वास धरून साधलेला ताल. एकात दुसरं मिसळत नाही, एक दुसऱ्याला खोटंही पाडत नाही. गाणं कसं बांधलं आहे हे समजल्यावर ते आणखी ऐकावंसं वाटतं, तितकं हे साधं आहे.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या वाढीव आवृत्त्या २००२पासून दर हिवाळ्यात एक अशा आल्या. चार डिस्कचा पुठ्ठ्याचा संच, जाड पुस्तकासारखा. पहिल्या दोन डिस्कवर चित्रपट, तिसऱ्या आणि चौथ्यावर तो कसा झाला याची तासन् तास चालणारी हकीकत. माझ्या मते बोनस हा प्रकार याहून वर कधी गेला नाही. आतेभावाने पहिला संच आणला तेव्हा मी तिसरी डिस्क आधी लावली.

वेलिंग्टनमधल्या वेटा वर्कशॉपमध्ये रिचर्ड टेलर आणि त्यांची माणसं चिलखतं बनवत होती. खरी लोखंडी साखळीची चिलखतं शेकडो लोकांनी दिवसभर घालणं अशक्य. मग प्लास्टिकच्या नळ्या घेतल्या, त्यांच्या बारीक कड्या कापल्या आणि एकेक कडी हाताने दुसरीत अडकवली. चित्रपटत्रयीसाठी अशा सुमारे १ कोटी २५ लाख कड्या जोडल्या गेल्या. हे काम प्रामुख्याने दोघांनी केलं, वर्षानुवर्षं, आणि काम संपेपर्यंत त्यांच्या बोटांवरचे ठसे झिजून गेले. मी हा भाग पाहत होतो तेव्हा आई बाहेरच्या खोलीत काहीतरी आवरत होती. ती आयुष्यभर क्रोशाचं काम करत आली आहे. इंग्रजी चित्रपट तिच्या आवडीचे नाहीत. ती दारात थांबली, मग आत येऊन बसली. "बोटं बघ रे त्यांची," इतकंच म्हणाली, आणि चिलखताचा भाग संपेपर्यंत उठली नाही. नंतर चित्रपट पाहताना एक लढाई आली, हजारो माणसं अंधारात पावसात, आणि ती चिलखतांकडे बोट दाखवून मला सांगत होती, ती बघ ती कड्यांची.

हॉबिट ही बुटकी माणसं लहान आणि जादूगार गॅन्डाल्फ मोठा कसा दिसतो, यासाठीचा भाग मी कुणालाही दाखवतो. जुनी युक्ती अशी : एक नट कॅमेऱ्याजवळ, दुसरा लांब, दोघांमधलं अंतर कॅमेऱ्याला कळू द्यायचं नाही. टेबलसुद्धा दोन तुकड्यांचं, जवळचा तुकडा लहान मापाचा, लांबचा मोठ्या मापाचा, आणि दोन्ही तुकडे कॅमेऱ्यातून एक दिसतील असे मांडलेले. नट एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, ठरवून दिलेल्या खुणेकडे बघून बोलतात. यात अडचण एकच, कॅमेरा हलला की बिंग फुटलं. तर या मंडळींनी एका नटाला टेबलाच्या आपल्या भागासकट सरकत्या पाटावर बसवलं आणि तो पाट कॅमेऱ्याच्या गतीला जोडला. कॅमेरा सरकला की पाटही नेमका तेवढा सरकतो आणि भ्रम टिकून राहतो. हे बाहेरून चित्रित केलेलं दृश्य बोनसमध्ये आहे. खुर्चीत बसलेला म्हातारा जादूगार टेबलाच्या तुकड्यासकट हळूच बाजूला सरकतो आहे. मी ते पाहिलं तेव्हा एकटाच होतो आणि मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

जिथे नटाऐवजी बुटका बदली नट वापरला, तिथे नायक हॉबिट फ्रोडोच्या अंगरख्यात अनेकदा किरण शाह असत. नैरोबीत जन्मलेले, भारतीय वंशाचे, उंची सुमारे चार फूट दोन इंच. पाठमोऱ्या हॉबिटकडे बघताना आपण एका शाह आडनावाच्या माणसाकडे बघत होतो, हे चित्रपटगृहात बसलेल्या आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं?

'जुरासिक पार्क'बद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. पेल्यातलं पाणी थरथरतं त्या एका शॉटसाठी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधून ती छेडली होती, आणि खोट्या पावसात भिजून स्टॅन विन्स्टनच्या प्रचंड टी-रेक्सचा फोम पाणी पिऊन जड व्हायचा, मग तो थरथर कापायला लागायचा आणि लोक टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायचे. याच चित्रपटाने संगणकाचं युग आणलं. पण त्यातही एक गोष्ट आहे. फ्रेमगणिक बाहुल्या हलवण्यात हयात घालवलेले फिल टिपेट संगणकावरचा डायनासोर पाहून म्हणाले होते की आता मीच नामशेष. त्यांना काढून टाकलं नाही. सांध्यासांध्यांवर सेन्सर लावलेला सांगाडा बनवला, टिपेटच्या माणसांनी तो हाताने हलवायचा आणि ती हालचाल संगणकात जायची. प्राणी वजन कसं टाकतो हे त्या हातांना माहीत होतं.

संगणकावर काम करणाऱ्यांचं कसब मी कमी लेखत नाही. तेही रात्री जागतात आणि त्यांची नावं तर आणखी झरझर सरकतात. मला राग येतो तो केलेलं काम झाकून टाकण्याचा. २०११मध्ये 'थिंग'च्या आधीची कथा सांगणारा चित्रपट आला. अॅलेक गिलिस आणि टॉम वुड्रफ यांच्या कंपनीने त्यासाठी खरेखुरे यांत्रिक प्राणी बनवले, चित्रीकरणही त्यांच्यासह झालं, आणि नंतर बहुतेक सगळ्यांवर संगणकाचं चित्र चढवण्यात आलं. शेवटी त्या मंडळींनी आपल्या कामाचे व्हिडिओ स्वतःच यूट्यूबवर टाकले. लोकांनी ते पाहिले, हळहळले, आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या 'हार्बिंजर डाऊन' या चित्रपटासाठी पैसे गोळा करून दिले.

हे सगळं लांबच्या देशातलं आहे हे खरं. पण 'हे आम्ही असं केलं' असं सांगण्याची हौस आपल्याकडे चित्रपटाच्या पाळण्यापासून होती. दादासाहेब फाळके. चित्रपटासाठी भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली होती, तीच ओब्रायनची रीत, कितीतरी वर्षं आधी. जादूचे प्रयोग ते आपलं आडनाव उलटं फिरवून 'प्रोफेसर केळफा' या नावाने करत. 'लंकादहन'ची आग, 'कालियामर्दन'मध्ये त्यांचीच मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन पाण्याखाली नागाशी झुंजते ते दृश्य, हे सगळं हाताने घडवलेलं. आणि १९१७मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा छोटा चित्रपटच काढला. त्याचे काही तुकडे वाचले आहेत. त्यात फाळके स्वतः नटांकडून काम करून घेताना, फिल्म हाताळताना दिसतात. जगात डिस्क नव्हती, दूरचित्रवाणी नव्हती, बोलपट नव्हता. नाशिकला बसून हा माणूस आपल्या प्रेक्षकांना कारखान्याचं दार उघडून दाखवत होता. त्याच सुमाराला 'नवयुग' मासिकात त्यांनी मराठीत लेखही लिहिले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायला शिकल्या हे आज आपल्याला ठाऊक आहे, ते अशा सांगण्यामुळेच. बाईंचं नाव कुठल्याही श्रेयनामावलीत शोधायला जाऊ नका.

फाळक्यांच्या चित्रपटांचे हे तुकडे पी. के. नायर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी मिळवले, जपले. ते नसते तर 'कालियामर्दन'चा नाग आज फक्त ऐकीव गोष्ट असता.

मधल्या काळात मात्र आपण ही हौस कुठे सांडली कोण जाणे. बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये काळ्या पडद्यासमोर काळ्या धाग्यांनी वस्तू अधांतरी नाचवल्या, इतक्या बेमालूम, की त्यांना 'काला धागा' असंच म्हणू लागले. पुढची कित्येक वर्षं पडद्यावरचे देव उडाले, बाण हवेत भिडले, ते त्यांच्या हातून. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये वैकुंठाला जाणारा गरुड आजही मला अंगावर काटा आणतो, आणि तो बघताना दर वेळी वाटतं, याच्या पंखांना हात लावलेल्या सुताराने, रंगाऱ्याने चार वाक्यं सांगितलेली असती तर.

'लगान'पाशी ही हौस पुन्हा दिसली. सत्यजित भटकळ यांनी चित्रीकरणाच्या काळात सतत कॅमेरा चालू ठेवून 'चले चलो' हा माहितीपट केला. भुजजवळच्या कुनारिया गावाशेजारी नितीन चंद्रकांत देसाई यांनी चित्रपटातलं चंपानेर गाव उभं केलं, तिथल्याच लोकांच्या हातांनी, तिथल्याच मातीने, तिथल्या 'भुंगा' नावाच्या गोल मातीच्या घरांसारखी घरं बांधून. चित्रीकरण संपलं आणि काही महिन्यांतच, २६ जानेवारी २००१ला, कच्छमध्ये भूकंप झाला. 'चले चलो'मध्ये ती माणसं आणि ती जागा आहे. दापोलीच्या या कलादिग्दर्शकाला चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ऑगस्ट २०२३मध्ये ते गेले. त्यांच्या सेटवर प्लास्टर ओढणारे, फायबरचे खांब संगमरवरी दिसावेत म्हणून शिरा रंगवणारे कारागीर अजून आहेत. कर्जतला आहेत, गोरेगावच्या फिल्मसिटीभोवतीच्या वस्त्यांत आहेत, कोल्हापुरात आहेत. आज मराठीत ऐतिहासिक चित्रपट ओळीने येताहेत, किल्ल्यांचे दरवाजे, तोफा, जिरेटोप, पट्टे बनताहेत. प्रसिद्धीच्या व्हिडिओत दोन मिनिटं नट तलवार फिरवताना दिसतो आणि संपलं. ती तलवार कुणी केली, हलकी ठेवण्यासाठी पातं कशाचं घेतलं, उन्हात चमकावी म्हणून काय लावलं, हे त्या माणसाला विचारायला एक फोन आणि एक दुपार पुरेल. हे मी चित्रपटांत काम करणाऱ्या मित्रांना भेटेन तेव्हा सांगतो, आता इथेही सांगतो.

परदेशातही आता डिस्कचे दिवस भरत आले आहेत. नेटफ्लिक्सने १९९८मध्ये टपालाने पाठवलेली पहिली डिस्क 'बीटलज्यूस'ची होती, तोही सगळा बाहुल्या आणि मुखवट्यांचा खेळ. २९ सप्टेंबर २०२३ला त्यांनी शेवटच्या डिस्क पाठवल्या आणि ती सेवा बंद केली. ऑनलाइन मंचांवर चित्रपट मिळतो, कॉमेंटरी क्वचित मिळते, तासन् तास चालणाऱ्या त्या हकीकती बहुधा मिळत नाहीत. शेवटची नावं सुरू झाली की कोपऱ्यात पुढच्या चित्रपटाची चौकट येते आणि नावं आकसून नखाएवढी होतात. मी रिमोट घेऊन ती पुन्हा मोठी करतो. घरातले आता काही म्हणत नाहीत.

माझ्या कपाटातल्या डिस्क अजून चालतात. प्लेअर एकदा दुरुस्त करून आणला आहे, त्याची लेन्स मिळणं कठीण होत चाललंय असं दुरुस्त करणारा म्हणाला. शेजारची दोन मुलं, दोघंही शाळेतली, मातीत, पुठ्ठ्यात काहीबाही करत असतात. त्यांना मी रविवारी वेटाचा भाग लावून देतो. मोठ्याने परवा विचारलं की फोम भट्टीत भाजतात तर तो जळत कसा नाही. मला उत्तर येत होतं तेवढं दिलं, उरलेलं आम्ही डिस्क मागे नेऊन शोधलं : भट्टी मंद, वेळ लांब, साचा जाड. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

तुमच्याकडे कुठे हे संच पडून असतील आणि प्लेअर चालू असेल, तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागाच्या, 'फेलोशिप'च्या, संचातली तिसरी डिस्क लावा, वर्कशॉपचा भाग काढा, आणि घरात विणणारं, शिवणारं, रंधा मारणारं कुणी असेल तर त्यांना हाक मारा. 'थिंग'ची कॉमेंटरी मात्र चित्रपट एकदा अंधारात, एकट्याने पाहून झाल्यावरच सुरू करा.